कमलाबाई सोहोनी

कोल्हापूर शहराला लागून उचगाव नावाचे गाव आहे. या गावातील एखाद्या घरी जेवणाच्या वेळी गेले, तर ताटात बहुधा ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी आणि मटकीची उसळ दिसते. कधी भाकरीच्या जागी भात असतो, तर कधी उसळीच्या जागी झुणका. पण धान्याबरोबर डाळ ही असावयाचीच. महाराष्ट्रातील घरोघरी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र धान्याला डाळीची जोड का हवी, डाळ शिजवूनच का खावी, हरभऱ्यात आणि मटकीत असे असते तरी काय, या प्रश्नांची उत्तरे स्वयंपाकघरात मिळत नाहीत. ती प्रयोगशाळेत बसून, मोजून आणि पारखून शोधावी लागतात. अशी उत्तरे शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांमध्ये डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव आदराने घेतले जाते. पण या विदुषीला पहिला झगडा करावा लागला तो निसर्गाच्या कोड्यांशी नव्हे. प्रयोगशाळेचे दार आपल्यासाठी उघडावे, एवढ्यासाठीच त्यांना झगडावे लागले.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. उद्योगपती जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून बंगळूर येथे १९०९ साली विज्ञानाची एक मोठी संस्था स्थापन झाली होती. तेथे या दोघांचे शिक्षण झाले होते. भागवतांच्या घरात विद्येला मोठा मान होता, आणि तो मुलगा व मुलगी असा भेद जाणत नव्हता. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत पुढे नामवंत लेखिका झाल्या आणि १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एका बहिणीने लेखणी हाती घेतली, तर दुसरीने परीक्षानळी. वडिलांनी आणि चुलत्यांनी जेथे अभ्यास केला, त्याच संस्थेत आपणही संशोधन करावे, अशी कमलाबाईंची इच्छा होती.

१९३३ साली रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. ही पदवी मिळविली आणि लगेच बंगळूरच्या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. भौतिकशास्त्रातील त्यांच्या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत असे. अशा थोर शास्त्रज्ञाकडून कमलाबाईंच्या अर्जाला नकार आला. त्यांच्या गुणांत काही उणे होते म्हणून हा नकार नव्हता. संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणार नाही, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती आणि रामन यांचीही तीच होती.

ऐन बाविशीतील दुसरी एखादी मुलगी निमूटपणे घरी परतली असती. कमलाबाई परतल्या नाहीत. तो काळ सत्याग्रहाचा होता. अन्यायापुढे मान तुकवावयाची नाही आणि हातही उगारावयाचा नाही, हा धडा सारा देश महात्मा गांधींपासून घेत होता. कमलाबाईंनी तोच मार्ग धरला. रामन यांच्या कार्यालयापाशी त्यांनी सत्याग्रह आरंभिला. प्रवेश का नाही याचे योग्य कारण मिळावे, किंवा काम करून दाखविण्याची संधी मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. अखेर त्यांच्या निर्धारापुढे संचालकांना नमते घ्यावे लागले. परंतु प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांचे काम पसंत पडले तरच पुढे मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही त्यांनी काम करावयाचे होते. शिवाय, त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती.

या अटी अपमानकारक होत्या. जी परीक्षा कोणत्याही तरुणाला द्यावी लागत नव्हती, ती एका तरुणीला केवळ ती स्त्री म्हणून द्यावी लागत होती. कमलाबाईंना याचे मनस्वी दुःख झाले आणि हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या. दाराबाहेर राहून आपली योग्यता सिद्ध करता येत नाही. त्यासाठी प्रथम आत पाऊल टाकावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

संस्थेत श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. त्यांच्या देखरेखीखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. हा अभ्यास कशाचा होता, हे नीट समजण्यासाठी प्रथिन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

आपले स्नायू, त्वचा, केस, नखे, रक्त या सर्वांच्या घडणीत प्रथिने असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे जणू एक लांबलचक माळ आणि त्या माळेतील मणी म्हणजे अमिनो आम्ले. असा एक मणी हाती घेऊन पाहता आला असता, तर त्याच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू दिसला असता. या अणूला चार हात असतात, असे समजावे. एका हाताला नायट्रोजनयुक्त अमिनो गट जोडलेला असतो, तर दुसऱ्या हाताला आम्लाचा गट असतो. या दोन गटांवरूनच अमिनो आम्ल हे नाव पडले आहे. तिसऱ्या हाताला हायड्रोजनचा एक अणू असतो. हे तीन हात जवळजवळ सर्व अमिनो आम्लांत सारखेच असतात. निराळा असतो तो चौथा हात. त्याला शास्त्रज्ञ पार्श्वशाखा म्हणतात. एका अमिनो आम्लाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी जोडला जातो, तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोन मणी पक्के गुंफले जातात. असे शेकडो मणी एकापुढे एक गुंफले की प्रथिन तयार होते.

सजीवांची प्रथिने मुख्यत्वे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. पार्श्वशाखा जशी असेल, तसे त्यांचे वर्ग पाडतात. ग्लायसीन हे सर्वांत साधे. त्याच्या चौथ्या हातालाही हायड्रोजनचा अणूच असतो. काही अमिनो आम्लांच्या शाखा तेलासारख्या पाण्यापासून दूर राहू पाहतात, तर काहींच्या शाखा पाण्याशी सहज मिसळतात. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या शाखा आम्लधर्मी असतात. लायसीन, आर्जिनीन आणि हिस्टिडीन यांच्या शाखा याच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी असतात. मेथिओनीन आणि सिस्टीन यांत गंधक असते. ट्रिप्टोफॅनच्या शाखेत अणूंची कडी असतात. कोणता मणी कोणत्या जागी येतो, यावरून माळ कशी वळेल, कशी दुमडेल आणि शरीरात कोणते काम करील, हे ठरते.

अमिनो आम्लांची आणखी एक वर्गवारी आहे आणि ती आपल्या ताटाशी निगडित आहे. काही अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. नऊ अमिनो आम्ले मात्र त्याला तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. कमलाबाई बंगळूरला काम करीत होत्या, त्या वेळी हे ज्ञान पूर्ण झालेले नव्हते. थ्रिओनीन या आवश्यक अमिनो आम्लाचा शोध अमेरिकेत लागला, तो १९३५ साली. म्हणजे हे शास्त्र तेव्हा वाढत्या वयात होते आणि कमलाबाई त्याच्याबरोबर वाढत होत्या.

अन्नात प्रथिन किती आहे, हे ठरविण्याची एक जुनी पद्धत होती. प्रथिनांत वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून अन्नातील नायट्रोजन मोजावयाचा आणि त्याला सव्वासहाने गुणावयाचे. हिशेब सोपा होता, पण त्यात एक फसगत होती. डाळींतील सगळाच नायट्रोजन प्रथिनांत गुंफलेला नसतो. काही भाग सुट्या अमिनो आम्लांत आणि इतर पदार्थांत असतो. हा वेगळा नायट्रोजन ध्यानात न घेता गुणाकार केला, तर नसलेले प्रथिनही कागदावर दिसू लागते. कमलाबाईंनी डाळींतील या प्रथिनेतर नायट्रोजनाचा कसून अभ्यास केला. ज्या देशात लक्षावधी कुटुंबांना प्रथिने मिळत ती डाळींतूनच, त्या देशात हा हिशेब बरोबर असणे फार महत्त्वाचे होते. तरीही तोवर या विषयाकडे फारसे कोणी वळले नव्हते.

वर्ष सरले. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधक म्हणून मान्यता मिळाली. एवढ्यावरच ही गोष्ट संपली नाही. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींसाठीही त्या संस्थेचे दार उघडे झाले. जी परीक्षा एकीवर लादली होती, तिचे फळ पुष्कळजणींना मिळाले. १९३६ साली कमलाबाईंनी आपला प्रबंध सादर करून मुंबई विद्यापीठाची एम. एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली.

पुढील अभ्यासासाठी त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध होती. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल प्रथम वेगळे करून दाखविले, ते हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी कोल यांनी १९०१ साली. पुढे १९०६ साली त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक प्रयोग झाला. काही लहान उंदरांना प्रथिन म्हणून केवळ मक्यातील झेईन दिले. या झेईनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते. ते उंदीर फार दिवस जगले नाहीत. दुसऱ्या उंदरांना झेईनच्या जोडीला थोडे ट्रिप्टोफॅन दिले, तेव्हा ते अधिक दिवस जगले. पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे, हे या प्रयोगावरून स्पष्ट झाले. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. अशा गुरूच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंना स्थान मिळाले. आणि येथे त्या स्त्री आहेत की पुरुष, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

तेथे प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी निवडला, तो आपल्या रोजच्या भाजीतला बटाटा. सजीवाची प्रत्येक पेशी अन्नातून ऊर्जा मिळविते. या क्रियेत सायटोक्रोम सी नावाचे एक लहानसे प्रथिन महत्त्वाचे काम करते. शंभराहून थोड्या अधिक अमिनो आम्लांची ही एक छोटी माळच असते. प्राण्यांच्या पेशींतील त्याचे काम शास्त्रज्ञांना ठाऊक होते. बटाट्यावर प्रयोग करीत असता कमलाबाईंना हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही आढळले. श्वसनाची ही मूळ यंत्रणा प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही आहे, या गोष्टीला त्यामुळे बळकटी मिळाली. या शोधावर त्यांनी अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहिला. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत त्यांचे काम पुरे झाले आणि १९३९ साली त्यांना पीएच. डी. ही पदवी मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्यानेच सुरू झाला होता. त्याचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमाशास्त्राचे जाणकार श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. विभाग नवा, साधने तुटपुंजी. पण विद्यार्थी उत्साही होते. केंब्रिजमध्ये नाव मिळविलेल्या कमलाबाई येथे पुन्हा डाळींकडे वळल्या, कारण देशातील सामान्य माणसाच्या ताटात जे असते, त्याचाच अभ्यास अधिक अगत्याचा आहे, असे त्यांना वाटत असे.

डाळीचे महत्त्व आता आपल्याला नीट समजते. ज्वारी, गहू, तांदूळ या धान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. याउलट डाळींत मेथिओनीन कमी असते आणि धान्यांत ते त्या मानाने अधिक असते. ठरावीक नक्षीची माळ गुंफताना एका रंगाचे मणी संपले, तर बाकीचे मणी कितीही असले तरी काम अडते. शरीराचेही तसेच आहे. भाकरीत जो मणी कमी असतो तो आमटी पुरविते, आणि आमटीत जो कमी असतो तो भाकरी पुरविते. म्हणून वरणभात, खिचडी किंवा भाकरी-उसळ हे साधे अन्न असले, तरी पोषणाच्या दृष्टीने ते मोलाचे आहे.

कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत आणखी एका गोष्टीचा शोध घेण्यात आला. अन्नातील प्रथिनांची माळ पोटात गेल्यावर तिचे मणी सुटे करावे लागतात. तेव्हाच शरीराला त्यांचा उपयोग होतो. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक म्हणजे ट्रिप्सिन. कित्येक कच्च्या शेंगांत आणि कडधान्यांत ट्रिप्सिनच्या कामात अडथळा आणणारे पदार्थ असतात. भारतीय अन्नपदार्थांतील अशा पदार्थांवर कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या सुमारास व त्यानंतर संशोधन करून निबंध प्रसिद्ध केले. नीट शिजविल्याने यांपैकी बहुतेक पदार्थांचा जोर नाहीसा होतो. डाळ चांगली शिजली पाहिजे, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. तो आग्रह निव्वळ चवीसाठी नाही, हे यावरून ध्यानात येते.

याच काळात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडा-माडाच्या झाडांपासून मिळणारा हा गोड रस ताजा असेपर्यंतच नीरा असतो. तो आंबला की त्याची ताडी होते. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, असे कमलाबाईंना दिसून आले. कोल्हापूरकडे उसाच्या रसाचा गूळ करतात, तसा नीरेचाही गूळ होतो. त्यातही हे गुण बऱ्याच अंशी टिकतात, असे आढळले. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीलाही त्यांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले. पुढे विज्ञान संस्थेच्या संचालकपदाचा मान त्यांना मिळाला. मात्र तो हक्काच्या वेळी मिळाला नाही. त्यासाठी त्यांना काही वर्षे थांबावे लागले. बंगळूरच्या दाराशी भेटलेली अडचण अशी निराळ्या रूपाने पुन्हा समोर आली. कमलाबाईंनी त्या काळातही आपले काम थांबविले नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावरही त्यांनी विश्रांती घेतली नाही. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था स्थापन केली होती. या संस्थेचे काम कमलाबाई उत्साहाने करू लागल्या आणि १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. अन्नातील भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांविषयी संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान बाजारात जाणाऱ्या गृहिणीपर्यंत पोचले पाहिजे, हा त्यामागील हेतू होता.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली आणि थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

माणसाची किंमत अंदाजाने ठरवू नये. काम पाहून ठरवावी, एवढेच कमलाबाईंचे मागणे होते. अन्नाच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. गरिबाचे खाणे म्हणून ज्या डाळी-कडधान्यांकडे विद्वानांचे फारसे लक्ष जात नव्हते, ती त्यांनी काट्यावर ठेवली, मोजली, पारखली आणि त्यांचे खरे मोल जगापुढे मांडले. उचगावच्या घरात भाकरी-आमटीचे ताट वाढले जाते, तेव्हा त्यामागे शेतकऱ्याचे श्रम असतात आणि माउलीची माया असते. ते अन्न समजून घेण्यासाठी दारातून माघारी न फिरलेल्या एका मुलीचे कष्टही त्या ताटाशी जोडलेले आहेत.

स्वाध्याय

१. बंगळूरच्या संस्थेने कमलाबाईंना कोणत्या अटींवर प्रवेश दिला?
२. अमिनो आम्लाच्या चार हातांना काय काय जोडलेले असते?
३. नायट्रोजन मोजून प्रथिन ठरविण्याच्या पद्धतीत कोणती फसगत होती?
४. भाकरी आणि आमटी एकमेकींची उणीव कशी भरून काढतात?
५. कमलाबाईंना मिळालेल्या प्रवेशाचा इतर मुलींना कोणता लाभ झाला?